हाक न मारणारं घर

शाळेत तिला सगळे टोलमावशी म्हणत, मुख्याध्यापकांपासून पहिलीच्या पोरांपर्यंत. एकतीस वर्षं तिने त्या शाळेत घंटा दिली. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या तुळईला टांगलेली जाड काठाची पितळी तबकडी, आणि शेजारी खुंटीला अडकवलेला लाकडी हातोडा. बाकीची कामंही तिच्याच गळ्यात होती. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, सूचनेची वही वर्गावर्गातून फिरवायची, आपटलेल्या गुडघ्यांना औषध लावायचं. पण काय करता म्हणून कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी घंटेवर असते." शिपाई तोफेवर असतो ना, त्या थाटात.

टोल कसा द्यावा यावर तिची ठाम मतं होती आणि ती न विचारता ऐकायला मिळत. तिच्या रजेत बदली माणूस आला की आधी त्याची शिकवणी व्हायची. "बडवू नकोस, तुझं काय भांडण आहे का तिच्याशी? एक टोल दिलास की तो मुरू दे. तबकडी थरथरत असताना दुसरा हाणलास तर आवाज फाटतो. मग शाळा सुटली की आग लागली, कुणाला कळत नाही." माणूस मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी बडवायचाच. मग ही रजा अर्धी टाकून परत यायची.

आता गंमत अशी, की ही बाई जन्मली ते घर एखाद्या परक्याला मुक्या माणसांचं वाटलं असतं.

वडील पुस्तकं बांधायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. धंदाच मुळी शांत. सुई, दोरा, खळ आणि पानं आवळून धरणारा लाकडी दाबपट्टा. पण त्या घरातली शांतता धंद्याची नव्हती, नियमाची होती. दारांच्या चौकटींना उरलेल्या कातड्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दार कितीही जोरात ओढलं तरी आवाज म्हणून नाही. किटलीची शिट्टी आणल्या दिवशीच काढून टाकलेली. दारावर घंटी नव्हती, गिऱ्हाइकाने सरळ आत यायचं आणि खोकायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. त्याच्याजवळ जायचं, पायाचा अंगठा हळूच धरायचा आणि तो डोळे उघडेपर्यंत धरून ठेवायचा. घरात बाळंतीण असली की हाच नियम दुप्पट कडक. तिच्या खोलीच्या आसपास भांडं सोडा, चमचा वाजता कामा नये.

हा नियम केला वडिलांच्या आजीने. म्हणजे टोलमावशीची पणजी. बाई सहीच्या जागी अंगठा उठवायची, पण तिने आपली तीन मुलं झोपेतून दचकून गेलेली पाहिली होती आणि प्रत्येक वेळी त्याच्या आदल्या क्षणी काय वाजलं ते तिच्या ध्यानात राहिलं होतं. पुढे वडिलांच्या पिढीतही तेच झालं. धाकटा काका सोळा वर्षांचा, जेवून दुपारचा आडवा झाला होता. वाऱ्याने खिडकीचं दार आदळलं, तो उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला तो कोसळलाच. थोरली आत्या बाळंतपणाला आई-वडिलांकडे आलेली. अकराव्या दिवशी कुणाच्या तरी हातून भांड्यांची चळत निसटली. तिच्या बाळाला काही झालं नाही. तीच गेली.

"आमच्याकडे माणसं दचकून जातात," असं वडील सांगायचे. दुसऱ्याच्या घरी माणसं सर्दीपडशाने आजारी पडतात तसं. का जातात, याचं उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. हे घर. ह्या घराच्या भिंतींतच काहीतरी आहे. जे गेले ते सगळे ह्याच छपराखाली गेले की नाही? मग आणखी पुरावा कशाला हवा? घर सोडावं म्हणावं तर दुकान कुठे न्यायचं, आणि गिऱ्हाइकं काय उडत येणार?

तिचा थोरला भाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, त्याने हे सगळं मनावर घेतलं. इतकं, की तो वडिलांपेक्षाही काटेकोर झाला. पावलं टाकायचा ती मांजराची. समोरच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी त्याला आवडायची, तिलाही तो आवडायचा, दोन्ही घरं राजी होती. दादाच नाही म्हणाला. "ह्या घरात मी आणखी कुणाला आणणार नाही. मोठ्यांचं मी बघतो. लहान मूल झोपलंय आणि बाहेर काय वाजेल ह्याची धास्ती, ते मला जमणार नाही." शिंप्याची मुलगी दोन वर्षं थांबली आणि मग तिचं दुसरीकडे लग्न झालं. दादा दाबपट्टा आवळत राहिला.

टोलमावशीला मात्र ह्या सगळ्याचा कंटाळा यायचा. ती मुळात मोठ्याने हसणारी बाई. लग्न ठरलं तेव्हा आई तिला म्हणाली, "सुटलीस बाई तू. हा जाच ह्या घरापुरताच." आणि तिने ते वाक्य गाठीला बांधलं. त्या घराच्या लेकींना नेहमी असंच सांगत आले होते. धाकट्या आत्यालाही हेच सांगून पाठवलं होतं. नियम घराचा, घर मुलाचं. मुलगी उंबरठ्याबाहेर पडली की ती मोकळी.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. त्याला पहाटे उठावं लागायचं, म्हणून नव्या संसारात तिने आणलेली पहिली वस्तू म्हणजे गजराचं घड्याळ. डोक्यावर दोन टोप्या आणि मध्ये हातोडी असलेलं. ते वाजलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि तिला आनंदाने गुदगुल्या व्हायच्या. पुढे शाळेत काम मिळालं, तेही घंटेचं. दैवाचीही थट्टा असतेच.

लेक झाली तेव्हा वडील एकदाच राहायला आले. रात्रभर बाळापायी जागलेली ती पहाटे गाढ झोपली आणि नवरा उठला तो उन्हं वर आल्यावर. घड्याळ नाही! शोधाशोध झाली. वडिलांनी ते आपल्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. अर्ध्या वस्तीला त्या दिवशी पाव मिळाला नाही आणि बेकरीच्या मालकाने जावईबापूंची जी पूजा बांधली, ती नवरा पुढे वीस वर्षं साभिनय करून दाखवायचा.

"बाबा, ते तुमच्या घरात," ती हसून म्हणाली होती. "इथल्या भिंतींना काही झालेलं नाही."

वडिलांनी पाळण्यात पाहिलं. "तसं असेल तर बरंच आहे," ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी परत गेले.

लेक मोठी झाली. शिकायला बाहेर राहिली तेव्हा एकदा सकाळी पलंगाशीच चक्कर येऊन पडली, नोकरीला लागल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आईने फोनवर तिची खरडपट्टी काढली, की उपाशीपोटी राहतेस, मग दुसरं काय होणार. लेकीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि विश्रांतीला ती आईकडे आली. बाळ वीस दिवसांचं होतं.

दुपारची वेळ. बाळ दूध पिऊन झोपलेलं, लेकही त्याच्या शेजारी झोपलेली. टोलमावशी खिडकीशी बसून बाळाचे कपडे घडी करत होती. लेकीच्या उशाशी फोन होता तो वाजला. लेक ताडकन उठून बसली. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही. डोळे वर गेले आणि ती उशीवर नाही, उशीच्या पलीकडे पडली. टोलमावशीने तिला हलवलं, गालावर मारलं, छातीवर दोन्ही हात आपटले. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग लेकीने खोल श्वास घेतला आणि विचारलं, "आई, रडतेस का?"

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, अशक्तपणा. दुसऱ्यांनी सांगितलं, फिट असावी. मोठ्या इस्पितळात पाठवलं तिथे हृदयाच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती, लेकीच्याच वयाची. पुढ्यात कागद ओढून तिने विचारलं, "पडायच्या अगदी आधी काय झालं होतं?"

"काही नाही. फोन वाजला."

"झोपेत होती?"

"गाढ. दचकलीच बिचारी." आणि मग टोलमावशी सहज, बोलायच्या ओघात म्हणाली, "ही माझ्या माहेरी असती ना, तर फोन वाजलाच नसता. तिकडे झोपलेल्याला हाकसुद्धा मारत नाहीत. तिथली माणसं दचकून जायची. पण ते त्या घराचं होतं, हिचा काय संबंध?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, "नीट बसा. आणि मला त्या घराचं सगळं सांगा. पहिल्यापासून."

सांगायला पाऊण तास लागला. बाहेर माणसं ताटकळत होती आणि डॉक्टर हलली नाही. पणजी, काका, आत्या, कातड्याच्या पट्ट्या, किटलीची शिट्टी. मधेच ती उठली आणि आतल्या खोलीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली, एक पान काढून तिने वाचून दाखवलं. असा आजार असलेल्या माणसाच्या झोपायच्या खोलीतून गजर, फोन, घंटी काढून टाकावी. अचानक मोठा आवाज होऊ देऊ नये. स्त्रियांना बाळंतपणानंतरचे महिने विशेष जपावं.

"हे पुस्तकात कधी आलं?" टोलमावशीने विचारलं.

"फार वर्षं नाही झाली. जगभरच्या शेकडो घरांची माहिती गोळा केली, तेव्हा कळलं."

टोलमावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. शेकडो घरं, मोठमोठी यंत्रं, शिकलेली माणसं. आणि तिच्या पणजीकडे काय होतं? एक घर, तीन मेलेली मुलं आणि दोन कान. बाई रडायच्या वेळीही काय वाजलं होतं ते आठवत बसली. तिला हृदय म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तरी तिने जे नेमकं करायचं तेच करायला सांगितलं, आणि बाळंतिणीची खोली वेगळी सांगितली. इतकी वर्षं ज्याला आपण म्हातारीचा चक्रमपणा म्हणून हसलो, त्यापुढे हात जोडावेत असं टोलमावशीला वाटलं, आणि तिने ते तिथेच, डॉक्टरच्या टेबलासमोर जोडले.

मग डॉक्टरने लेकीच्या हृदयाचा आलेख दाखवला. कागदावर शाईच्या उंच टोकदार रेघा, प्रत्येकीच्या मागे एक बुटकी टेकडी. "हा ठोका," ती म्हणाली, "आणि ही टेकडी म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होतं ती वेळ. हिला तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. एरवी काही बिघडत नाही. पण ती वेळ संपायच्या आत एकदम दचकून पुढचा ठोका पडला, तर सगळी लय विस्कटते."

"म्हणजे टोल मुरायच्या आत दुसरा टोल," टोलमावशी म्हणाली. "आवाज फाटतो."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मी पोरांना हे शिकवते, पण इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं."

"पण हे हिच्यात आलं कुठून?"

"आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, मावशी. तुमचाही आलेख काढू या."

काढला. तीच टोकं आणि त्यांच्यामागे तीच लांबट टेकडी. टोलमावशी त्या कागदाकडे बघतच राहिली. साठ वर्षं हे आपल्या छातीत होतं. बेंबीच्या देठापासून हसलो तेव्हा होतं, गजराच्या घड्याळाच्या शेजारी झोपलो तेव्हा होतं, हजारो टोल दिले तेव्हाही होतं.

"मग मी कशी जिवंत?"

"खरं सांगू? नक्की कुणालाच सांगता येणार नाही. काहींना जन्मभर काही होत नाही. नशीब म्हणा. पण लहानपण तुमचं त्या घरात गेलं. नंतर तुम्ही गजराच्या आधीच उठत असाल."

"नेहमीच. नवऱ्याला उठवायला लागतं ना, तो गजराला भीक घालत नाही."

"आणि शाळेतली घंटा तर तुम्हीच वाजवता. आवाज होणार हे हाताला आधी कळलेलं असतं. मनुष्य स्वतःच्या हाताने दचकत नाही."

मग तिने वाटणी कशी होते ते समजावलं. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती. एक आईकडची, एक वडिलांकडची. टोलमावशीच्या वडिलांकडे एक धड होती आणि एक बिघडलेली. मूल होताना दोनांतली एकच त्याच्याकडे जाते. कुठली जाईल ते कुणाच्या हातात नसतं. "मुलगा की मुलगी हे ती बघत नाही," डॉक्टर म्हणाली, "आणि आडनाव तर मुळीच बघत नाही."

"भिंतीसुद्धा नाही?"

"भिंतींचा काही दोष नाही, मावशी."

घरी आल्यावर टोलमावशी न्हाणीघरात दार लावून रडली. लेकीला आपण काय काय दिलं ह्याची यादी ती नेहमी कौतुकाने सांगायची. नाक माझं, केस माझे, हट्ट बापाचा. खाण तशी माती, म्हणायची. त्या यादीत हे एक बसलं होतं, आणि तिनेच ते आपल्या हातांनी, न बघता, लेकीच्या पदरात घातलं होतं. वर उपाशी राहतेस म्हणून रागावलीही होती. लेकीला गोळ्या सुरू झाल्या होत्या, रोज घ्यायच्या, जन्मभर. डॉक्टर म्हणाली होती, त्या नेमाने घेतल्या तर भीती पुष्कळ कमी होईल. टोलमावशीलाही त्याच गोळ्या मिळाल्या. पण बाळाचं काय? जेमतेम महिन्याची, मुठी वळून झोपणारी नात. तिच्या वाट्याला कुठली प्रत आली? आलेखाची रेघ कधीकधी फसवते, रक्तच तपासावं लागेल, आणि उत्तर यायला दीड महिना लागेल. शक्यता निम्मी निम्मी. ह्या निम्म्याने टोलमावशीचा जीव टांगणीला लागला.

डॉक्टरने तिला एक काम दिलं होतं. नातेवाइकांची यादी. कोण होतं, कोण गेलं, कसं गेलं. ती दादाकडे गेली. दादा आता पासष्ट वर्षांचा, तोच दाबपट्टा, तीच मांजराची पावलं. ती आत जाऊन खोकली. दादाने सुई बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि तीन पिढ्यांतल्या माणसांची नावं, वयं, वार घडाघडा सांगितले. पण सगळी त्या घरातलीच.

"आणि धाकट्या आत्याकडची?" तिने विचारलं.

"ती दुसऱ्या घरची ना," दादा म्हणाला.

हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा शंका नव्हती. टोलमावशीला तेव्हा लख्ख कळलं, की आपल्या लोकांची चूक नेमकी कुठे झाली. पणजीने काहीच चुकवलं नव्हतं. चुकले ते तिच्या मागचे. त्यांनी माणसं मोजली ती आडनावाने. जी लेक बाहेर गेली तिच्या पोराबाळांपैकी कोण कसं गेलं, हे त्या घराने कधी विचारलंच नाही. नियम घरात जपून ठेवला आणि रोग लेकींबरोबर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती धाकट्या आत्याच्या मुलीकडे गेली. आतेबहीण चार वर्षांनी मोठी, दूरच्या गावात एकटी राहणारी. लहानपणी दोघींचं गूळपीठ होतं, मग संसारात विरून गेलं. तिचा मुलगा बारा वर्षांपूर्वी वारला होता, वीस वर्षांचा असताना. झोपेत गेला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

टोलमावशीने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आतेबहिणीने हातातला कप खाली ठेवला.

"मी बाजारातून आले होते," ती म्हणाली. "दोन्ही हातांत पिशव्या. किल्ली काढायचा कंटाळा केला आणि बेल दाबली. आतून त्याच्या पलंगाचा आवाज आला, म्हणजे उठला होता. मी पुन्हा दाबली. चिडून दाबली. म्हटलं, किती आळशी कार्टा. हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. पण बेलचा आणि त्याचा काहीतरी संबंध आहे, हे मला तेव्हापासून वाटत होतं. वेड लागेल म्हणून मीच ते दाबून ठेवलं."

टोलमावशीला वाटलं, आपण सांगायलाच नको होतं. "तुझ्या हाताने नाही झालं ग," ती म्हणाली.

"बेल मीच दाबली."

"दाबलीस. पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे हे माहीत होतं, चार पिढ्या माहीत होतं, आणि तुझ्या आईला सुटलीस म्हणून पाठवलं. मलाही तसंच पाठवलं. मी तर घरी गजर लावला!"

मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. बऱ्याच वेळाने आतेबहीण पदराने तोंड पुसत म्हणाली, "माझं रक्तही घ्यायला सांग. माझ्या लेकीला तीन मुलं आहेत." आणि बसल्या जागेवरून तिने लेकीला फोन लावला.

यादी पूर्ण झाल्यावर डॉक्टरने मोठ्या कागदावर तिचं चित्र काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्यांच्यात आजार दिसला ते काळे. वरून खाली रेघा उतरत होत्या. टोलमावशी उभी राहून बघत होती. काका, थोरली आत्या, पणजीची तीन मुलं, आतेबहिणीचा मुलगा. ज्यांची आठवण कुणी काढत नव्हतं ती माणसं रांगेने समोर उभी होती, आणि त्या सगळ्यांना जोडणारी ती वाट कुठल्याही आडनावाला न जुमानता कधी मुलातून, कधी मुलीतून खाली चालली होती.

"ह्याच्या वर काय आहे?" तिने पणजीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं.

"माहीत नाही. कधीतरी, कुणाच्या तरी पोटी, पहिल्यांदा ही चूक झाली असणार. दोनशे वर्षांपूर्वी असेल, हजार असेल."

टोलमावशीने नकळत छातीवर हात ठेवला. ती पहिली बाई किंवा पहिला माणूस कुठे राहत होता, काय खात होता, कुठली भाषा बोलत होता, कोण जाणे. नाव गेलं, चेहरा गेला, हाडंही राहिली नसतील. पण त्याच्या ठोक्यामागची ती लांबट टेकडी इतक्या आयांच्या पोटांतून वाट काढत आपल्यापर्यंत आली होती आणि आत्ता, ह्या क्षणी, हाताखाली चालू होती. तिला भीती वाटायला हवी होती. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. एवढ्या माणसांना आपण आपल्यात घेऊन फिरतो आणि भाजी आणायला जातो, ह्याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. टोलमावशी, तिचा नवरा, मांडीवर बाळ घेऊन लेक, शेजारी जावई, आणि दाराजवळ उभा दादा. आतेबहिणीचं रक्त नंतर दिलेलं, तिचं उत्तर यायचं होतं. दादाचं रक्त घ्यायचं म्हणजे खरं तर नुसता सोपस्कार होता. त्याला स्वतःबद्दल शंका नव्हती. घर त्याचं, नाव त्याचं, मग आजार त्याचाच.

"आधी बाळाचं सांगा," लेक म्हणाली.

डॉक्टरने कागद उलटला. "बाळाला आहे," ती म्हणाली.

डॉक्टर बोलत होती, की हे आत्ताच कळलं ते किती चांगलं झालं, ह्याच आठवड्यात औषध सुरू करू, चाळीस जणांत एकालाही इतक्या लवकर कळत नाही, ती शाळेत जाईल, खेळेल, म्हातारी होईल. शब्द कानावर पडत होते. लेक बाळाकडे बघत होती. मग ती आईकडे वळली आणि म्हणाली, "आई, आता लगेच तोंड पाडू नकोस. नाकही तुझंच आहे तिचं." आणि रडता रडता हसली. टोलमावशीच्या नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि तो कुणाला द्यावा हे न कळून स्वतःच वापरला.

"आणि आमचं?" दादा दारातून म्हणाला. "माझ्यासाठी गोळ्या किती?"

डॉक्टरने दुसरा कागद पुढे ओढला. "काका, तुम्हाला नाही."

"काय नाही?"

"हा दोष. तुमच्याकडे वडिलांची धड प्रत आली. तुमचं हृदय अगदी चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलंच होतं."

दादाला ते समजायला वेळ लागला. तो पुढे आला, कागद हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. पुस्तकं बांधण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला हातातलं एक पान धरवेना. शिंप्याची मुलगी त्याला आठवली असेल का? टोलमावशीला आठवली. आणि ज्या पोरांची धास्ती जमणार नाही म्हणून त्याने जन्माला येऊ दिलं नाही ती पोरंही, सगळी धडधाकट.

"म्हणजे मला काहीच नव्हतं," दादा म्हणाला. "मग पन्नास वर्षं हे सगळं मी कुणासाठी केलं?"

टोलमावशी उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका लहान झाला होता.

"माझ्यासाठी, दादा," ती म्हणाली. "त्या घरात मी तेवीस वर्षं झोपले. रोज सकाळी मला उठवायला तूच यायचास."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कागदाची नीट, काठाला काठ लावून घडी केली, खिशात ठेवली आणि भाचीच्या मांडीवरच्या बाळाजवळ जाऊन उकिडवा बसला. बाळ जागं होतं.

"ही दुपारची कुठे झोपते?" त्याने भाचीला विचारलं. "रस्त्याच्या बाजूला की आत?"

"रस्त्याच्या बाजूला, मामा. तिथे वारा येतो."

"आजच खाट हलवू," दादा म्हणाला. "मी येतो तुमच्याबरोबर."